बॉनेटाखालच्या मुंग्या

आमच्या ह्यांना कोणतीही बंद वस्तू बंद बघवत नसे. माझ्या बापानं लग्नात गजराचं घड्याळ दिलं होतं. चांगलं टिकटिक करत होतं बिचारं. ह्यांनी ते परातीत उलटं करून सगळं सोडवलं. पुन्हा जोडलं तेव्हा परातीत दोन चाकं उरली, आणि घड्याळ तरीही चालू लागलं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात बसलं की कारखानेवाले उगाच जास्तीचं सामान भरतात, आणि ते काढायलाच देवानं आपल्याला जन्माला घातलं आहे.

नाव मधुकरराव. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही; लिहायला दोष नाही म्हणतात म्हणून लिहिते. नागपुरात एका कापडाच्या गिरणीत ते टाइमकीपर होते. कोण वेळेवर आला, कोण उशिरा, ते बघायचं काम. स्वतः मात्र घरी कधी वेळेवर आले नाहीत. वाटेत कोणाचा पंप, कोणाची शिलाई मशीन, कोणाचा रेडिओ उघडा पडलेला दिसला की हे सायकल भिंतीला टेकवून उकिडवे बसत. कोणी म्हटलं, ‘मधुकरभाऊ, तुमचा हात लागला की वस्तू ऐकते,’ की ह्यांची भाजी-भाकरी त्यातच झाली. इकडं मी भाकरी तव्यावर पुन्हा पुन्हा गरम करते आणि ती पापडासारखी होते.

घर आमचं सक्करदऱ्यात. पुढं थोडं अंगण, एक ओटा. ओट्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे. रामाजी त्यांचं नाव. जन्म सगळा उमरेडकडच्या गावात बैलांमागं गेला. सासूबाई गेल्यावर हे त्यांना नागपुरात घेऊन आले. शेत पुतण्याकडं दिलं, बैलजोडीही त्याच्याकडंच राहिली. मोत्या आणि हरण्या. मामाजी आले खरे, पण कान गावाकडंच ठेवून आले. रस्त्यानं बंडी गेली की मान न वळवता सांगायचे, “डाव्या अंगाचा बैल लंगडून राहिला.” मी जाऊन बघावं तर खरंच लंगडत असे. मग तो बंडीवाला दूर जाईपर्यंत मामाजींचा जीव खालवर.

अशा घरात ती गाडी आली.

गाडी म्हणजे तुम्ही समजता तशी नाही. मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब विलायतेला परत गेला, त्याची ती शर्यतीत पळवायची गाडी. मग ती कोण्या ठेकेदाराकडं गेली, तिथं कडुलिंबाखाली राहिली, आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या म्हणे. तिथून आमच्याकडं. ती कशी घेतली ते विचारू नका, त्यावर वेगळं भांडण झालं आहे. एकेकाळी लाल असेल, आली तेव्हा वांग्याच्या भरितासारखी दिसत होती. छप्पर कापडाचं. दार माझ्या गुडघ्याएवढं. आत बसायचं म्हणजे न्हाणीत पाटावर बसल्यासारखं पाय लांब करून. नाक मात्र हातभर लांब, आणि सीटा दोन. आमचं घर तीन माणसांचं, आल्यागेल्याचं, आणि गाडी दोघांची.

मी म्हटलं, “अवो, हे काय आणलं? यात सामान कुठं ठेवाचं?”

“हे सामानाची गाडी नोय. हे पळाची गाडी हाय.”

“मंग पळवा.”

ते काही लगेच जमलं नाही. पावसाळा लागेपर्यंत हे तिच्याखाली झोपलेले असत, नुसते पाय बाहेर. चहा द्यायचा तर मी पायाजवळ कप ठेवून अंगठ्याला हात लावायचे. पण शेवटी चालू झाली. चालू झाली तेव्हा अख्ख्या गल्लीतल्या म्हशी खुंटे उपटू लागल्या, एवढा आवाज. हे बॉनेटवर थाप मारून म्हणाले, “चाल राणी!” मला लग्न झाल्यापासून कोणी राणी म्हटलं नव्हतं. असो.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. तो वच्छलासाठी.

वच्छला म्हणजे ह्यांची एकुलती बहीण, कळमेश्वरला दिलेली. भाद्रपदात महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, माहेरी यायची. तिला आणायला हे एस.टी.नं जात. तिची धाकटी जाऊ काटोलकडची, संत्र्याच्या बागाईतदाराची. तिचा भाऊ येई जीप घेऊन. मागच्या वर्षी वच्छलाचा जेठ, म्हणजे मोठा दीर, चार लोकांत ह्यांना हसून म्हणाला, “मधुकरराव, बसमध्ये जागा भेटली काय गा, की उभ्यानंच आले?” झालं. आमच्या घरच्या माणसाला उत्तर द्यायची फार हौस. ह्यांनी तिथंच सांगून टाकलं, “पुढच्या महालक्ष्मीले माह्या बहिणीले माह्या मोटारीनं नेईन. नाही तर तोंड दाखवाले येणार नाही.” तेव्हा ह्यांच्याकडं मोटारीचा टायरसुद्धा नव्हता.

बोलून आले आणि विसरले असते. पण वच्छला विसरली नाही. तिनं विहिरीवर, दळणाच्या गिरणीत, सगळीकडं सांगून ठेवलं. यंदा श्रावणात कळमेश्वरच्या भाजीवालीकडून निरोप आला, ‘दादा मोटार घेऊन आला तरच येईन. एस.टी.नं येऊ नोको म्हणा. मी कोणत्या तोंडानं निघू?’ तेव्हापासून मामाजींचं रोजचं एकच, “वच्छी येते ना वं, बाई?” त्यांना मोटारीचं काही नव्हतं, जेठाचं नव्हतं. वर्षभर लेकीचं आणि तिच्या लहानग्या पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं, एवढंच होतं.

“येते ना मामाजी, गाडी ठीक झाली आता,” मी म्हणायचे.

खरं सांगते, पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती झालीही होती ठीक. हे तिला सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत नेऊन आणत होते. रविवारी सकाळी पूजा केल्यासारखी तिची साफसफाई चाले. इंजिनाच्या बाजूला दोन सारखे कार्बुरेटर होते, पेट्रोल आणि हवा मिसळायचे, आणि प्रत्येकाच्या पुढं तव्याएवढा जाळीचा गोल डबा, हवा गाळायला. ते दोन डबे हे रॉकेलनं धुऊन, पुसून, हातानं फिरणारा पंखाचा नट फिरवून पुन्हा बसवत. त्या डब्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. मामाजी जवळ स्टूल घेऊन बसायचे.

एकदा त्यांनी विचारलं, “हे दोन भोकं कायचे गा?”

ह्यांनी डबे काढूनच इंजिन चालू केलं आणि म्हणाले, “हात धरा बाबा, पाहा.” मामाजींनी तळवा धरला. त्या भोकानं तळवा ओढून धरला. मामाजींचा चेहरा असा झाला की मी चुलीपासून उठून बघायला आले.

“अरे, हे तं चोखून राहिलं!” ते म्हणाले. “वासरू बोटं चोखते तसं.” मग दुसऱ्या भोकाला हात लावला. “अन् हे बी. जोडीच हाय म्हणा ना.”

“जोडीच,” हे खूश होऊन म्हणाले. आपल्या गाडीचं बापानं कौतुक केलं म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

पोळ्याच्या आदल्या सांजेला मामाजी चैन पडेना म्हणून आतबाहेर करत होते. गावी असते तर बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले असते, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हटलं असतं. इथं काय शेकणार? पोळ्याच्या दिवशी मी पुरण घातलं. मामाजी आले, म्हणाले, “दोन पोळ्या दे वं बाई, जोडीसाठी.” मला वाटलं रस्त्यानं कोणाची जोडी तोरणाखालून परत चालली असेल, तिला द्यायच्या असतील. तूप लावून दिल्या. सणाच्या दिवशी बैलाला कोणी नाही म्हणते काय?

दुसऱ्या दिवशी मारबत. नागपुरात इडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आणि ह्यांच्या मनात की त्या गर्दीच्या नाक्यावर गाडी नेऊन उभी करावी. सदरा इस्त्रीचा घातला. बसले. किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा खोकली. मागून काळा धूर असा निघाला की माझं वाळत घातलेलं लुगडं धुरकट झालं. आणि ती मेली.

“काय झालं गा?” मामाजी ओट्यावरून.

“काही नाही. थंड हाय.”

दहा वेळा काही नाही झालं. मग हे बाहेर आले, सदरा काढला, आणि मी समजले की आता हे दिवाळीपर्यंत पुन्हा आडवे. पलीकडून ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडणं ऐकू येत होतं. माझ्या मनात आलं, माय, जाता जाता ही रोगराई पण घेऊन जा.

संध्याकाळी कवडू मिस्त्री आला. कवडूचं दुकान चौकात, ट्रका दुरुस्त करायचा. विलायती गाडी त्यानं ही एकच पाहिली होती, पण मान अशी हलवायचा की जशा घरी चार बांधलेल्या आहेत. त्यानं प्लग काढले, ते काजळीनं भरलेले.

“पेट्रोल जास्त पिऊन राहिली,” कवडू म्हणाला.

“काहून पिऊन राहिली?”

“ते तिचं ती जाणे. आपण कमी पाजू.”

ह्यांनी ते डबे काढून माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले आणि कवडू कार्बुरेटरात शिरला. कुठं सुई बदलली, कुठं स्क्रू पिळला. मग किल्ली फिरवली आणि गाडी एकदम गर्जून उठली. म्हशी उठल्या. कवडू हात पुसत म्हणाला, “पाहा. कचरा होता.” चहा पिऊन, पानाला पैसे घेऊन गेला. हे त्या रात्री जेवताना नुसते हसत होते.

सकाळी उठून ह्यांनी डबे बसवले, बॉनेट लावलं, किल्ली फिरवली. खोकला. धूर. मेली.

तेच पुढं रोज. संध्याकाळी कवडू येऊन उघडणार, काहीतरी पिळणार, गाडी गर्जणार, कवडू जिंकून जाणार. सकाळी हे मन लावून डबे बसवणार, आणि गाडी धूर ओकून मरणार. सुई झाली, प्लग झाले, टाकीतलं पेट्रोल उपसून माझ्या दुधाच्या पातेल्यात ओतून झालं. त्या पातेल्यात नंतर वर्षभर मी दूध तापवलं नाही. कवडू म्हणे, “तुमचं सकाळचं चालवणं बरोबर नाही.” हे म्हणत, “तुह्यं संध्याकाळचं दुरुस्त करणं बरोबर नाही.” दोघंही शहाणे.

“ते डबे पाहा ना एकदा,” मी एकदा म्हटलं, काही कळत होतं म्हणून नाही, माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर रोज त्यांचे तेलकट डाग पडत होते म्हणून.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. “ते नुसतं झाकण हाय,” कवडू म्हणाला.

“अन् ते मीच साफ केले हायेत, पोळ्याच्या आधी,” हे म्हणाले. ह्यांनी केलेल्या गोष्टीत खोट असणं म्हणजे सूर्य पश्चिमेला.

शेजारचे नानाजी, रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेले. त्यांनी एक लांब काडी इंजिनाला लावली, दुसरं टोक कानाला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास धरून. खूप वेळानं म्हणाले, “वाफ धरत नाही.”

“नानाजी, याले वाफ नसते,” हे म्हणाले.

“मंग धरंल कशी?” नानाजी म्हणाले आणि काडी घेऊन घरी गेले. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, “सकाळीच मरते म्हणता ना? सकाळी गल्लीतून कोण जाते ते पाहा. नजर हाय.” मी लिंबू-मिरची बांधली. बांधायला काय जाते? ह्यांनी ती काढून फेकली, मी पुन्हा बांधली.

तोवर गणपती बसले. महालक्ष्म्या दारात आल्या. मी भिंती सारवते, मुखवटे घासते, सोळा भाज्यांची जुळवाजुळव करते, आणि अंगणात मधोमध ती. रांगोळीला जागा नाही. मी एकदा स्पष्टच बोलले, “अवो, एस.टी. आहे ना. जा, बहिणीचे पाय धरा, घेऊन या.”

“एस.टी.नं गेलो तं ती येणार नाही.”

“अन् गेलेच नाही तं येईल?”

ते उठून गाडीखाली गेले. नवऱ्याशी भांडायला निदान तोंड तरी पाहिजे. मी पायांशी काय भांडू?

मामाजी आता विचारत नव्हते. आधी रोज विचारायचे ते मला जड जायचं; विचारणं बंद झालं ते जास्त जड गेलं. नुसते बघायचे, गाडीकडं, मग रस्त्याकडं. जेवताना अर्धी भाकर परत ठेवायचे.

महालक्ष्म्या उद्या यायच्या, त्या दुपारी मी अंगणात पावलं काढायला बसले. देवीची पावलं दारातून आत काढायची तर गाडीच्या चाकाला वळसा घालून काढावी लागली. तिथं मला मुंग्या दिसल्या. तुळशीच्या कट्ट्यावरून खाली, चाकावरून वर, बॉनेटात. एक रांग नाही, दोन. आणि परत येणारी प्रत्येक मुंगी तोंडात कण धरून.

माझं डोकंच फिरलं. सणाचं घर, सारवलेली जमीन, आणि मुंग्या. “पाहा!” मी ओरडले. “चालत तं नाहीच, वरून माह्या घरात मुंग्या आणते! काय ठेवलं आहे हिच्या पोटात? पेढे?”

कवडू त्या दिवशी दुपारीच आला होता, शेवटचा उपाय म्हणून. त्यानं बॉनेट उघडलं, आणि खाली वाकून मुंग्यांच्या मागं मागं मान नेली. एक रांग एका डब्यात गेली, दुसरी दुसऱ्यात.

“मधुकरभाऊ, पेट्रोलले मुंग्या लागत नाहीत ना गा?”

“भैताड आहेस काय?”

“मंग हे तुमचं तुम्हीच पाहा.” आणि तो नट फिरवू लागला. हे म्हणाले, थांब, ते माझं काम आहे. पण म्हणेपर्यंत झाकण निघालं होतं. आत जाळीला काळपट-तपकिरी काही लिंपलेलं, तेल पिऊन फुगलेलं, मुंग्यांनी हलणारं. कवडूनं बोटानं थोडं घेतलं, नाकाशी नेलं.

“भाऊ,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या गाडीत वेलदोडा हाय.”

मी जवळ गेले. वास घेतला. वेलदोडा, आणि जायफळ. नागपुरात पुरण घरोघरी होते, पण आपल्या हातचं पुरण बाईला ओळखू येते. मला एकदम ते ‘दोन पोळ्या दे वं बाई’ आठवलं, आणि मी मान वळवून ओट्याकडं पाहिलं. मी पाहिलं म्हणून ह्यांनी पाहिलं, आणि ह्यांनी पाहिलं म्हणून कवडूनं.

मामाजी उठून काठी टेकत आले. डब्यात वाकून पाहिलं. आणि त्यांना वाईटच वाटलं.

“खाल्ली नाही काय त्यानं?”

मग हे बोलले, आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बोलले. “बाबा! हे तुम्ही भरलं? श्वासाच्या जागी पोळी? गुदमरून राहिली ना ती! हवा नाही, नुसतं पेट्रोल, म्हणून धूर! डबे काढले की चाले, लावले की मरे! अन् मी इकडं सुया बदलतो, प्लग बदलतो, हा कवडू माह्या घरी राहाले आल्यासारखा! हे जनावर नोय बाबा! लोखंड हाय, लोखंड!”

“मंग तू काहून रोज थोपटते त्याले?” मामाजी म्हणाले.

ह्यांचा हात तेव्हाही गाडीवरच होता.

“नाव घेऊन थोपटते. पाणी पाजते. उन्हात असलं की सावली करते. मी म्हटलं, माह्या लेकानं जोडी घेतली. सणाच्या दिवशी घरची जोडी उपाशी ठेवू काय?” मग आवाज खाली आला. “हे जाऊन वच्छीले आणणार होते ना. म्हणून दिली.”

आणि काठी टेकत परत ओट्यावर गेले.

कवडू मान खाली घालून डबे घासू लागला, एवढं मन लावून की जशी त्याला कधी दुसरं काही करायची सवयच नव्हती. ह्यांनी रॉकेल आणून दिलं. डबे धुतले, जाळी फुंकली, बसवले, नट पिळला, बॉनेट लावलं, किल्ली फिरवली. गाडी गर्जली, आणि गर्जतच राहिली. मी म्हटलं, जेवायला या. मामाजी जेवले नाहीत.

सकाळी हे इस्त्रीचा सदरा घालून बसले. मामाजी रोजच्यासारखे ओट्यावरच बसले होते, पण त्यांनी धोतर धुतलेलं नेसलं होतं आणि टोपी नवी. गाडी फाटकापर्यंत गेली, थांबली. हे उतरले, परत आले.

“बाबा, चला बसा.”

“म्या?”

“मंग कोण? एकट्याचं ती ऐकत नाही.”

मामाजींना आत बसवायला मी आणि गाडी निघताना बघायला आलेला कवडू, दोघं लागलो. गुडघे छातीशी आले त्यांचे, काठी बाहेर निघाली. मग मला सुचलं. “अवो, पण मंग वच्छला कुठं बसंल?”

दोघंही बापलेक माझ्याकडं असे बघू लागले की जसं मीच काही भलतं विचारलं. आणि गेले.

मी घरी. महालक्ष्म्या आणायची वेळ झाली, दुपार झाली, कोणी नाही. पाच घरच्या बाया जमलेल्या. कांताबाई शेजारीण मला समजावते, येतील वं, येतील. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून वच्छला येताना दिसली. पायी. कडेवर पोरगी नाही, हातात पिशवी. म्हटलं, गेली गाडी खड्ड्यात.

“वच्छला! काय झालं वं?”

“काय व्हाचं, वहिनी? एस.टी.नं आली.” पिशवी ठेवली आणि पाणी मागितलं. चेहरा पाहते तर असा फुललेला.

“अन् गाडी?”

“गाडी ना!” ती माझ्याजवळ बसली. “दारात आली वं, वहिनी. अख्खी गल्ली बाहेर. जेठ उठले. दादानं तीन वेळा भर्रर्र केलं. धाकटीच्या तर तोंडातलं पान पडलं. जेठ म्हणतात, जीप काय, जीप तर ग्रामसेवकापाशी पण राह्यते. मी पिशवी घेऊन निघाली, तर सीटवर बाबा. टोपी घालून, गुडघे असे वर. मले पाहिलं अन् उतराले धडपडले. म्हटलं, उतरू नका. ही नात घ्या मांडीवर अन् बसा. माह्यं काम झालं, गाडी दारात लागली. एस.टी. मले कोणी पाहाले येते काय?”

“अन् मंग ते हायेत कुठं? एस.टी.च्या आधी यायला पाहिजेत.”

“माह्याआधी निघाले,” वच्छला म्हणाली, आणि आम्ही दोघी रस्त्याकडं पाहू लागलो.

महालक्ष्म्या आम्ही आणल्या. ‘कोण आली?’ ‘महालक्ष्मी आली’ म्हणत पावलांवरून आत नेल्या, ज्येष्ठेला, कनिष्ठेला. आणि आरतीच्या तयारीत असताना बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी बाहेर आले. एक बंडी. बंडीला मागं दोर, आणि दोराला आमची पळायची गाडी. गाडीत हे एकटे, चाक धरून, तोंड एवढंसं. मामाजी बंडीवर, बंडीवाल्याच्या शेजारी, नात मांडीत, आणि कासरा त्यांच्या हातात.

“आता काय झालं?” मी म्हटलं.

मामाजीच बोलले, “वच्छीच्या दारात लय भर्रर्र केलं त्यानं. काटोल नाक्यापाशी पेट्रोल सरलं.” मग ह्यांच्याकडं वळून, अगदी शांतपणे, “म्या म्हटलं होतं. उपाशी कोणतं जनावर चालते गा?”

वच्छला हसत सुटली. नानाजी काडी घेऊन आले होते, ते तसेच परतले. ह्यांनी बापाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि काही म्हणायला तोंड उघडून मिटलं. माझ्या संसारात ते तोंड मिटलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मी आत जाऊन नैवेद्याच्या पोळ्या आणल्या. त्या लोकाच्या जोडीनं आमची लाज घरी आणली होती, त्यांना रिकाम्या तोंडी कसं पाठवणार? मामाजींनी एकेक पोळी दोन्ही बैलांच्या तोंडात दिली, वशिंडावर हात फिरवला. अर्धी पोळी हातात उरली, आणि त्यांची नजर गाडीकडं वळली.

मी बघत होते. ह्यांनीही ते पाहिलं. गाडीतून उतरले आणि गुपचूप जाऊन बॉनेटसमोर उभे राहिले, दोन्ही हात मागं टेकवून.